जानरावांचा गुडघा

बुधवार, ता. २ डिसेंबर १८६३, कार्तिक वद्य सप्तमी. अमरावती. पहाटे चार वाजून चाळीस मिनिटे.

दुकानाच्या ओट्यावर कंदिलाशी बसून पिशवीची गाठ तिसऱ्यांदा सोडली आणि पुन्हा बांधली. आत दोन धोतरे, एक बंडी, दौत, तीन लेखण्या, ही वही आणि आईने दिलेल्या दशम्या. कमरेच्या कशात, पैशांच्या पिशवीत, तिने दिलेला एक रुपया. वेळ इतकी नेमकी लिहिता येते, कारण मालक भगवंतराव यांनी आपले घड्याळ प्रवासापुरते माझ्याकडे दिले आहे. "मले आता आकडे दिसत नाई. तूच पाहत जा, पुंजाराम, अन् इचारलं का सांगत जा," एवढेच म्हणाले. घड्याळाला मी दोन रुमाल गुंडाळले आहेत.

सातपुड्यात, घाट चढून पलीकडे, काटखेडा म्हणून गाव आहे. तिथे दोन हंगामांचा कापूस न विकता पडून असल्याची बातमी आली आहे. अमेरिकेत लढाई लागून तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबल्यापासून आमच्या बाजारात लोक गाद्या उसवून जुना कापूस विकू लागले आहेत. तेव्हा दोन हंगामांचा साठा म्हणजे काय, ते लिहायला नको. अकोल्याचे गयासुद्दीन शेठही अकोटच्या बाजूने वर निघणार आहेत. आधी पोचेल त्याचा माल.

मी जातो तो हिशेब लिहायला, असे लोक समजतात. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटे धरतात. भोवती शंभर माणसे असली तरी आकडा दोघांनाच कळतो. भगवंतरावांच्या दुकानाचा जुना नेम असा की, स्वतःच्या पायांनी घाट चढून मालापर्यंत गेल्याशिवाय कोणाचा हात रुमालाखाली जायचा नाही. या खेपेला जो जाईल तो कारकुनाचा दलाल होईल. मला नेत आहेत. मी वाटेत गळालो तर निरोप जाऊन दुसरा कारकून गोवर्धन येईल. त्याने नवी बंडी शिवून ठेवली आहे. मी पाहिली.

मला का निवडले हे कळत नाही. गेल्या हंगामात एका शेतकऱ्याचा माल मी सहा शेर कमी लिहिला होता. दुसऱ्या दिवशी ध्यानात आले, तेव्हा चार कोस चालत जाऊन त्याला पैसे देऊन आलो आणि मालकांना तसे सांगितले. ती चूक ते विसरले असतील अशी आशा आहे.

आता न लिहावे ते लिहितो. रविवारी दुपारी तीन वाजता मला हुडहुडी भरून ताप आला. काल मंगळवारी पुन्हा, तीनच वाजता. दोन्ही वेळा मी गठ्ठ्यांच्या मागे जाऊन बसलो. कोणालाही कळलेले नाही.

खरे तर कालच निघायचे होते. परंतु मालकांनी मंगळवार वर्ज्य म्हणून एक दिवस लांबवले. मागच्या साली आमच्या दोन खेपा मंगळवारीच गेल्या होत्या.

गुरुवार, ता. ३. एलिचपूरची छावणी. रात्रीचे साडेआठ.

रात्रभर गाडीत हाडे खिळखिळी झाली. आमच्यात पाच जण. मालक, साठीचे. जानराव दलाल, देहाने थोर आणि तोंडाने त्याहून थोर. सूर्यभान मापारी, तराजू कोणाला उचलू देत नाही, बोलत नाही. इथून पुढे ओझ्याचे बैल लागतात, ते फारुखभाईंचे. पाचवा मी.

तीनला दहा मिनिटे असताना मी "घड्याळाला किल्ली द्यायची आहे" असे सांगून धर्मशाळेच्या मागे गेलो. थंडी बरोबर तीन वाजून पाच मिनिटांनी आली. दात वाजू नयेत म्हणून उपरण्याचे टोक चावून धरले. परत आलो तेव्हा सहा वाजले होते. जानराव म्हणाले, "मुनशी, लय लंबी किल्ली हाये का रे त्या घड्याळाची?" सगळे हसले. मीही हसलो. निभावले.

मालक मधल्या वेळात छावणीच्या दवाखान्यात गेले होते, पोटासाठी. येताना एक जाड कांबळे घेऊन आले आणि "मले गरम होते" म्हणून माझ्या अंगावर टाकले. पोट दुखत असता गरम कसे होते? म्हातारपण असावे.

संध्याकाळी मोठी गोष्ट घडली. मालकांनी मला जवळ बसवून उपरण्याखाली माझा हात धरला आणि बोटांचे आकडे शिकवायला सुरुवात केली! शेकडे दोघांनी मनात गृहीत धरायचे, वरचे दहे बोटांनी सांगायचे. एक बोट दहा, सगळा पंजा पन्नास. माझे मनगट मात्र ते फार वेळ धरून बसले. मग म्हणाले, "आज हात गरम हाये. गरम हाताचा सौदा खोटा. समोरच्याले समजते का याले घाई हाये. जा, झोप."

उद्यापासून धड्याआधी हात गार पाण्यात बुडवून जायचे ठरवले आहे.

शुक्रवार, ता. ४. घाटात. सूर्यास्त.

पहाटे साडेतीनलाच निघालो. अंग हलके, ताप नाही, चाल चांगली पडली. मालक वरचेवर वेळ विचारत होते. सागाची पाने पायांखाली इतकी वाजतात की पुढच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. अकरा कोस झाले असावेत. असेच रोज चालू तर अकोल्याच्या मंडळींना आम्ही दोन दिवसांनी मागे टाकू.

धडा झाला. हात आधी झऱ्यात बुडवला होता. मालक म्हणाले, "हा तर बर्फ हाये," आणि मनगट सोडून बगलेखाली हात घातला. हा कोणता आकडा, ते सांगितले नाही.

शनिवार, ता. ५. तिथेच.

तिथेच! एक पाऊल पुढे नाही. सकाळी फारुखभाईंनी हिरा बैलाचा मागचा खूर पाहिला आणि डोक्याला हात लावला. "मुनशीजी, बैल को भी जान है. खूर फट्या है. आज चलेगा नहीं." मी वाकून खूर पाहिला. मला तो शाबूत दिसला, पण मी बैलांतला जाणकार नव्हे. मी मालकांना म्हटले, "मालक, अकोल्याची टोळी अकोटच्या बाजूने चढत असेल." ते म्हणाले, "चढू दे. त्याइचे बी बैल हायेत."

लोक किती आळशी असतात! मी अंगात काय घेऊन चालतो आहे ते यांना कळले तर लाज वाटेल.

ताप तीनला आला. बसल्याजागी आला म्हणून लपवायला सोपे गेले. कांबळे घेऊन "झोप येते" म्हटले. संध्याकाळी सूर्यभानने काडेचिराइताचा काढा केला, कारण घाटाची हवा बाधते. पाचही जणांनी प्यायचाच असा मालकांचा हुकूम. इतकी कडू वस्तू मी जन्मात चाखली नव्हती. सूर्यभानने आपला पेला पाठीमागच्या झुडपात ओतला, हे मी स्वतः पाहिले. जानरावांचाही तिकडेच गेला. फुकट मिळणाऱ्या औषधाची ही उधळपट्टी! मी माझा शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. वर तोंड गोड करायला गुळाचा खडा दिला, तोही कडूच निघाला. सूर्यभानला विचारले तर, "माह्यावाला बी कडूच हाये," असे म्हणून त्याने तो आनंदाने चघळला.

रविवार, ता. ६. चिखलदरा. दुपारचे चार.

आज चढलो! अंधारात निघालो ते दहा वाजता माथ्यावर. मी सर्वांच्या पुढे होतो. वर साहेब लोकांचे बंगले आहेत, पण हंगाम नसल्याने बंद. गाविलगडाचा तट लांबून दिसतो. मागे वळून पाहिले तर सगळे वऱ्हाड खाली पसरलेले, काळी जमीन आणि तिच्यात कापसाचे पांढरे ठिपके, पार धुक्यापर्यंत. मी अमरावती कुठे असेल ते शोधत होतो. आईला सांगता येईल असे काही पहिल्यांदाच पाहिले.

वाटेत पाच वेळा थांबावे लागले, पाचही वेळा जानरावांच्या गुडघ्यामुळे. ते त्याला टोंगळा म्हणतात. "थांबा रे बावा, टोंगळा धरला," म्हणत ते दगडावर बसतात आणि मग सर्वांना बसावे लागते. मी वेळा टिपून ठेवल्या: सहा वाजून दहा, सात, सात पस्तीस, आठ वीस, सव्वानऊ. योगायोग असा की या प्रत्येक वेळी मलाही दम लागला होता. पहिल्या तीन वेळा त्यांनी डावा गुडघा धरला होता आणि शेवटच्या दोन वेळा उजवा. दोन्ही जात असतील तर ते परत कसे उतरणार?

मघाशी खालून आलेल्या एका लाकूडतोड्याने बातमी दिली. अकोल्याची टोळी अकोटच्या बाजूने वर आली आहे, सात माणसे, काल रात्री पलीकडच्या नाल्यावर मुक्कामाला होती. आता उद्या एक दिवससुद्धा थांबता येणार नाही. आणि उद्या सोमवार, तापाचा दिवस.

देवा, उद्या एक दिवस मला उभे ठेव.

सोम

तारीख सात असावी. घड्याळ माझ्याकडे आहे, काटे दिसत नाहीत. ताप आज आधीच आला, अकरालाच. थंडी थांबत नाही. अक्षर वाईट येत आहे, नंतर सुधारून लिहीन.

मंगळवार, ता. ८. काटखेडा. रात्रीचे नऊ.

कालचे आणि आजचे एकत्र लिहितो. क्रम चुकू नये म्हणून तीन वेळा आठवून घेतले आहे.

काल अकरा वाजता वाटेत माझे पाय मला न विचारता वाकले. मी दगडाला टेकून बसलो आणि लेखणी काढली, म्हणजे लिहायला बसलो असे वाटावे. त्यानंतर डोळे मिटले असावेत. बोलणे ऐकू येत होते, विहिरीच्या तळातून ऐकल्यासारखे.

जानराव म्हणत होते, "भाऊ, मांगं बंगल्यावर चौकीदार हाये. याले तिथं ठेऊ. मी थांबतो याच्यापाशी. तुमी व्हा पुढं."

मालक म्हणाले, "ठेवाचंच असतं तर आणलं काहून असतं?"

"अकोलावाला गाठते मंग."

"गाठू दे. माल पुढच्या सालीबी पिकते."

फारुखभाई म्हणाले, "कुछ नहीं ठेवना. हिरा ले के जाता."

कोणत्या बैलाला मागे ठेवण्याबद्दल हे बोलत होते ते मला कळले नाही. बहुधा खूर फाटलेल्या.

जाग आली तेव्हा मी हिराच्या पाठीवर होतो, कांबळ्यात गुंडाळलेला आणि दोराने बांधलेला. दुसऱ्या बाजूला सूर्यभानच्या वजनांची थैली. सूर्यभान माझ्या बाजूने चालत होता, एक हात माझ्या पाठीला लावून. मला फार लाज वाटली. मी म्हणालो, "मला झोप लागली वाटते."

"लागली," सूर्यभान म्हणाला.

"पण मला बैलावर का टाकले?"

त्याने पलीकडच्या थैलीकडे पाहिले. मग म्हणाला, "वजनाची थैली एकाच अंगाले होती. तोल जाऊन राहिला होता बैलाचा. दुसऱ्या अंगाले काहीतरी पायजेच होतं."

हे पटण्यासारखे होते. थैलीवरून मी माझे वजन काढले. बरेच कमी भरले. पण दोर सोडायला सांगून मी उतरलो, कारण नेम पायांनी जाण्याचा आहे. "मालक, हे अंतर पायी मोजले जाणार नाही काय?" असे विचारले. ते म्हणाले, "घाट कालच सरला लेका. हे तर पठार हाये. पठाराचा नेम नाई." तरी मी हिराची शेपटी धरून अंधार पडेपर्यंतचा कोस चाललो. ताप उतरला होता, धोतर घामाने चिंब झाले होते.

रात्रीही थांबलो नाही. जानरावांनी मशाल धरली. त्यांचा गुडघा काल दिवसभर आणि रात्रभर एकदाही धरला नाही!

आज सकाळी साडेदहाला काटखेडा. कोरकूंची पंचवीस घरे. भुरा पटेलाच्या कुडाच्या खोलीत कापूस छतापर्यंत भरलेला. अकोल्याची माणसे आली नव्हती. पटेल वयस्क, अंगावर एक लंगोटी आणि डोळ्यांत दहा बाजारांचे शहाणपण. त्याने रुमाल झटकून पसरला आणि मालकांकडे पाहिले.

मालकांनी उपरण्याखाली माझाच हात धरला. मला वाटले, शेवटचा धडा. चांगला अर्धा मिनिट धरून बसले. मग म्हणाले, "थंड हाये. घाल हात."

"मी?"

"मंग काय मी? मले दिसत नाई आता."

घातला. पटेलाचा हात झाडाच्या सालीसारखा. त्याने माझा अख्खा पंजा दाबला आणि वर दोन बोटे, म्हणजे कापसाच्या एका बोज्यामागे एकशे सत्तर रुपये. मी तीन बोटे दिली, एकशे तीस. तो हसला, तोंडाने नाही, हाताने. माझी करंगळी चिमटीत धरून हलवली. पुन्हा पंजा आणि एक. मला वाटले, आता चार द्यावीत, लगेच द्यावीत, अकोल्याची माणसे कोणत्याही क्षणी येतील. मग ध्यानात आले, हात थंड आहे. थंड हाताला घाई नसते. मी काहीच केले नाही. त्याची बोटे धरून नुसता बसून राहिलो. बाहेर कोंबडी ओरडत होती. जानराव मोठ्याने जांभई देत होते. मी मनात दोनशेपर्यंत मोजले.

दोनशे सातला पटेलाचे एक बोट हळूच मागे गेले. नुसता पंजा उरला. मी तो दाबला.

"झालं," पटेल म्हणाला.

एकशे पन्नास! चाळीस बोजे! मालक एकशे साठपर्यंत जायला तयार होते, हे नंतर कळले. सौदा पक्का करणारा इसाराचा रुपया द्यायचा तर मालक म्हणाले, "तुह्या सौद्याचा इसार तुह्या कशातून." मी आईचा रुपया काढून पटेलाच्या तळहातावर ठेवला. जानरावांनी मला उचलून गोल फिरवले आणि सूर्यभानने तराजू उभा करताना चक्क गुणगुणायला सुरुवात केली.

दुपारी तीन वाजता मी सवयीने कुडाच्या मागे जाऊन उभा राहिलो. मग आठवले, आज मंगळवार, तापाचा दिवस उद्या. परत आलो.

सूर्यास्ताला गयासुद्दीन शेठ आले, सात माणसे, धुळीने पांढरी. शिवलेल्या बोज्यांकडे पाहून त्यांनी पागोटे काढले. "भगवंतराव, हात किसका?" मालकांनी माझ्याकडे बोट केले. शेठ जवळ आले, माझा हात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "ठंडा है. इसकू संभालो, बुढऊ, नहीं तो हम अकोला लेजाते."

आजच्या दिवशी मी दलाल झालो. आणि ताप कोणाला कळू दिला नाही. दोन्ही गोष्टी लिहून ठेवतो.

बुधवार, ता. ९. काटखेडा.

तीन वाजले. साडेतीन. चार. थंडी आली नाही! पाच. नाही!

रविवार, ता. १३. अमरावती. सकाळचे साडेसात.

काल पोचलो. गोवर्धन ओट्यावर होता. त्याने सांगितले की नवी बंडी त्याच्या मेहुण्याच्या लग्नासाठी आहे. माझ्या गळ्यात पडला. मी ताठ राहिलो, त्याचे आता वाईट वाटते.

मालकांनी प्रवासखर्चाच्या चिठ्ठ्यांची पुरचुंडी दिली, ती वहीत उतरवत होतो. छावणीच्या दवाखान्याची चिठ्ठी निघाली. तीन तारखेची. मालकांच्या पोटाचे औषध समजून लिहायला घेतले तर लिहिलेले: कुनैन, हिवतापासाठी, तरुण माणसाच्या मात्रेने, गुळातून द्यावे. खाली दुसरी चिठ्ठी, अमरावतीच्या हकीमांची, ता. १ डिसेंबर. सल्ला: एकाआड एक दिवस ताप, मोकळ्या दिवशी चालवावे, तापाच्या दिवशी बसवावे.

ता. १ म्हणजे मंगळवार. तेव्हा मी गठ्ठ्यांच्या मागे बसलो होतो.

मग मी दुसऱ्या चिठ्ठ्या शोधू लागलो. हिराच्या खुराला नाल, मलम, काही? नाही. जानरावांच्या गुडघ्याला तेल, लेप, पट्टी? एका पैशाचेही नाही. पुरचुंडी उलटी करून झटकली.

जानराव समोरून पान खात चालले होते, भराभर. मी ओट्यावरून विचारले, "जानरावभाऊ, गुडघा कसा आहे?"

ते थांबले. दोन्ही पायांकडे पाहिले.

"कोणता?" म्हणाले.

आत मालक हिशेबाची वाट पाहत आहेत. तो असा.

खर्च. गाडीभाडे जाऊन येऊन, रु. ६. फारुखभाईंच्या बैलांचे भाडे, रु. १२. शिधा, रु. ७ आणे ८. कांबळे एक, रु. २ आणे ४. कुनैन, रु. ३ आणे ८. काडेचिराईत व गूळ, आणे ६. एकूण रु. ३१ आणे १०. पैकी शेवटच्या तीन रकमा, रु. ६ आणे २, माझ्या नावावर. मालकांनी त्या स्वतःच्या नावावर लिहायला सांगितले होते. मी खोडून माझ्या लिहिल्या.

देणे. आई, इसाराचा रुपया एक. फारुखभाई, खूर एक. सूर्यभान, काढ्याचा पेला, झुडपात ओतलेला, आणि एक हात पाठीचा. जानराव, गुडघे दोन. भगवंतराव, दुपारी तीन वाजताची प्रत्येक वेळ.

बेरीज तीनदा केली. जमत नाही. मी ती तशीच ठेवली आहे.